जोशीकाकूंची चैत्रगौर

अहो वहिनी, ऐकलंत का? तो कढीपत्ता राहू दे हो, कुठं पळून जात नाही... इकडे या, अशा कुंपणाला लागून. मोठ्यानं बोलायची सोय नाही, चार नंबरची खिडकी सताड उघडी दिसतेय मला.

काल जोशीकाकूंकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तुम्ही आला नाहीत ना? हुकलं हो तुमचं! आंब्याची डाळ नेहमीसारखीच, मीठ कमी नि मोहरी जास्त, त्यासाठी नाही म्हणत मी. पण आरास! दरवर्षी ती कलिंगडाची कमळं आणि चकल्यांची विहीर असते ना, ते सगळं या खेपेला रद्द. काकांच्या डोक्यातून थीम निघाली होती. भिंतभर निळा पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरांत ‘जोशी रत्नमाला’, आणि खाली एकूणएक नामवंत जोशींचे फोटो. नातवानं नेटवरून काढलेले, कलर प्रिंट, प्रत्येकाखाली चिठ्ठी. मधोमध झोपाळ्यात गौर बसलेली आणि भोवती हे पंचवीस-तीस जोशी तिच्याकडे बघतायत. मला तर बाई संकोचच वाटला तिच्या वतीनं.

माझं माहेर जोशी, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे. आम्हालाही लहानपणी वडील सांगायचे, मूळ शब्द ज्योतिषी, पंचांग बघणारा. गावाला जोशीपणाचं वतन असायचं, मुहूर्त सांगायचे, वर्षाचं धान्य घ्यायचे. म्हणजे धंद्याचं नाव झालं हो ते, जसं सोनार, शिंपी. गावोगावी वेगळे जोशी. कोकणस्थांत जोशी, देशस्थांत जोशी, कऱ्हाड्यांत जोशी. पण काकांचं म्हणणं, नाही, सगळे एका मुळाचे. येणाऱ्या प्रत्येकीला दारातच अत्तर लावताना सांगत होते, “हे सगळे आमच्यातलेच.”

आमच्यातलेच! आता ऐका पुढे.

सात नंबरला नवीन भाडेकरू आलेत ना, त्याही जोशी. पाटी बघून काकू आधीच खूश झालेल्या. त्या बाई आल्या, छान पिवळी साडी, नाकात मोठी नथनी. काकूंनी कुंकू लावता लावता विचारलं, “कोकणस्थ की देशस्थ हो तुम्ही?” ती हसली. म्हणाली, “आंटी, हम तो अल्मोड़ा के हैं. कुमाऊँनी.” काकूंचा हात कुंकवाच्या करंड्यातच राहिला. आणि ती बाई आराशीपाशी गेली, आणि असा आनंद झाला तिला! एकेका फोटोवर बोट ठेवत सुटली. मुरली मनोहर जोशी, “ये हमारे.” ‘हम लोग’ लिहिणारे मनोहर श्याम जोशी, “ये भी हमारे.” ते गाणी लिहिणारे, सेन्सॉर बोर्डावर गेलेले प्रसून जोशी, “ये तो अल्मोड़ा में ही पैदा हुए.” आणि मग एक काळापांढरा फोटो होता, चष्मेवाला. त्याच्याखाली नातवानं नुसतंच लिहिलेलं, ‘पी. सी. जोशी, थोर नेते’. ती म्हणाली, “पूरनचंद जोशी! कम्युनिस्ट पार्टी के पहले जनरल सेक्रेटरी.”

काकांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. कम्युनिस्ट म्हटलं की ज्यांचं बीपी वाढतं, त्यांच्या गौरीच्या उजव्या हाताला कम्युनिस्ट! आणि बायको कोण त्यांची, तर कल्पना दत्त, चितगावच्या शस्त्रागारावर छापा घालणाऱ्यांच्या टोळीतली. मला माहीत होतं, पण मी गप्प बसले. कुणाच्या घरी जाऊन वाद कशाला घाला... नंतर जिन्यात सांगितलं फक्त दोघीतिघींना.

तर काय सांगत होते... हां, मनोहर. त्या तीन मनोहरांचा घोळ तर विचारूच नका. आपले मनोहर जोशी सर, ते माहितीच आहेत, नांदवीचे, कोहिनूर क्लासवाले, १९९५ ला मुख्यमंत्री झाले. काकूंनी त्यांच्या शेजारी मुरली मनोहर लावलेले आणि कुणाला तरी सांगत होत्या, “हे थोरले बंधू.” अहो, कुठलं काय! गंमत म्हणजे दोघं एकाच वेळी लोकसभेत होते की नाही... २००२ पासून सर स्पीकरच्या खुर्चीवर आणि मुरली मनोहर समोर मंत्र्यांच्या बाकावर, शिक्षणखातं घेऊन. माननीय जोशी माननीय जोशींना खाली बसायला सांगणार. त्यावरूनच लोकांचा समज झाला असेल. आमच्या ह्यांचाही होता, पण ते कबूल करायचे नाहीत.

नऊ नंबरच्या गुजराती भाभी कोपऱ्यात पन्हं पीत होत्या. त्यांना कसा मग जोर चढला. “उमाशंकर जोशी अमारा,” म्हणाल्या. बरोबरच आहे हो, १९६७ चं ज्ञानपीठ, कुवेंपूंबरोबर विभागून. मग म्हणाल्या, तो शर्मन जोशीही आमचा, ‘थ्री इडियट्स’मधला, अरविंद जोशींचा मुलगा. ‘चाणक्य’वाले मनोज जोशीही आमचे. काकू म्हणाल्या, “अहो, पण मनोज जोशी मराठी किती छान बोलतात!” भाभी म्हणाल्या, “हुं पण बोलूं छूं ने!” आणि खरंच की, वीस वर्षं आपल्याशी मराठीतच भांडतायत त्या पार्किंगवरून.

असे एकेक जोशी निसटायला लागले ना भिंतीवरून, तसतसा काकांचा आवाज चढायला लागला. शेवटी ते भीमसेनांपाशी जाऊन उभे राहिले. “पंडितजी तरी पुण्याचेच ना!” तिथं नेमक्या धारवाडच्या देसाईबाई बसलेल्या. त्या किती हळू बोलतात माहितीये ना? हळूच म्हणाल्या, “गदगचे.” बस, एवढंच. काका म्हणाले, सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून पुण्यात कुणी चालवला? देसाईबाई म्हणाल्या, “भीमसेनांनीच. पण गुरू कुंदगोळचे.” आता यावर काय बोलणार! मी मध्ये पडले. म्हटलं, काका, भारतरत्न मिळालं तेव्हा दोन्हीकडे पेढे वाटले, आता हळदीकुंकवात कशाला वाटणी करता. तुपासाठी आईवर रुसून अकराव्या वर्षी घरातून पळालेलं पोर, विनातिकीट गाडीत गाणी म्हणत कुठं कुठं फिरलं म्हणतात. त्याला कुणी घरचं म्हणून धरून ठेवता आलं नाही, तुम्ही कुठं पुठ्ठ्यावर चिकटवता? हे मनात हं. तोंडानं फक्त पेढ्यांचं बोलले.

पण देसाईबाईंनी जाता जाता आणखी एक सोडलं. “सुनील जोशी पण गदगचाच.” आणि काका एकदम खुलले! क्रिकेटचं वेड ना. १९९९, नैरोबी, दक्षिण आफ्रिका, दहा षटकं, सहा निर्धाव, सहा धावा, पाच बळी, असं मंत्रपुष्पांजलीसारखं म्हणून दाखवलं. दहा-सहा-सहा-पाच. त्याचा फोटो नव्हता म्हणून नातवाला सगळ्यांदेखत ओरडले. ते पोर बिचारं... त्याची काय चूक, त्यानं सर्च केलं तर पहिला स्वप्नील जोशी आला. तो होता की भिंतीवर, मुकुट घालून. आमच्या सासूबाई टीव्हीतल्या त्या कृष्णाला हात जोडायच्या, नंतर त्याच मुलाला एका मालिकेत प्रेम करताना पाहिलं आणि दोन दिवस जेवल्या नाहीत नीट.

नातवाच्या चिठ्ठ्यांचं सांगायचं राहिलंच. दोन शास्त्रीबुवा होते, लक्ष्मणशास्त्री आणि महादेवशास्त्री, आणि दोघांच्या चिठ्ठ्या अदलाबदल! वाईच्या तर्कतीर्थांखाली भारतीय संस्कृतिकोश आणि गोव्याच्या महादेवशास्त्रींखाली मराठी विश्वकोश. दोघंही जोशी, दोघंही शास्त्री, दोघांचेही कोश, पोराचं चुकलं तर नवल काय. ते मी पटकन सरळ केलं, कुणाच्या लक्षात यायच्या आत. तिथं महादेवशास्त्रींच्या पत्नी सुधाताईंचा फोटो नव्हता, ते मात्र मला लागलं. १९५५ साली म्हापशात सभेच्या अध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या आणि पोर्तुगीजांनी उचलून तुरुंगात टाकलं त्यांना. इतके पुरुष टांगलेत, एक ती बाई नाही.

आणि लक्ष्मणशास्त्रींबद्दल काकू काय सांगत होत्या, “किती सोवळ्यातले हो!” मी म्हटलं, सोवळ्यातले? अहो, गांधीजींच्या देवदासचं लग्न लावलं त्यांनी! राजाजींची मुलगी लक्ष्मी ब्राह्मण, मुलगा वाणी. दोन्ही बापांनी पाच वर्षं थांबायला लावलेलं त्या पोरांना. शेवटी १९३३ च्या जूनमध्ये पुण्यात पर्णकुटीत लग्न, गांधीजी नुकतेच एकवीस दिवसांच्या उपासातून उठलेले, आणि मंत्र म्हणायला कोण, तर आमचे तर्कतीर्थ. तेव्हा पुण्यात किती चेहरे उतरले असतील, कल्पना करा. काल त्यातला एक उतरलेला मी प्रत्यक्ष पाहिला. कारण काकूंच्या धाकट्याचं ते प्रकरण... जाऊ दे. ते तुम्हाला माहितीच आहे. बंगलोरची मुलगी. काकूंनी फोटोकडे एकदा पाहिलं आणि डाळ वाढायला आत गेल्या, त्या बराच वेळ आल्या नाहीत.

बरं, मग लासलगावच्या माहेरवाशीण आल्या, तीन नंबरच्या. कांद्याची शेती त्यांच्याकडे, वडील आंदोलनात लाठ्या खाल्लेले. त्या थेट ‘शरद जोशी, शेतकरी संघटना’ या चिठ्ठीपाशी गेल्या, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “हे कोण?” शरद जोशीच होते हो, पण दुसरे! उज्जैनचे, हिंदीतले विनोदी लेखक, ‘ये जो है ज़िंदगी’वाले. आपले शरद जोशी म्हणजे जिन्सची पँट घातलेले, स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन कांदा लावणारे. तीन नंबरच्या बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाल्या, यांच्यामुळे माझ्या आईच्या नावावर जमीन झाली. लक्ष्मीमुक्ती म्हणायचे त्याला, नवऱ्यानं आपणहून बायकोच्या नावे जमीन लिहून द्यायची. चांदवडला १९८६ मध्ये लाखोंनी बायका जमल्या होत्या, त्यांची आई कडेवर धाकटं घेऊन गेली होती म्हणे. आता अशा बाईपुढे भलताच फोटो! नातवानं तिथल्या तिथं मोबाईलवर खरा फोटो काढून दाखवला. बाईंनी त्या मोबाईलच्या काचेलाच हळदीकुंकू लावलं. स्क्रीनगार्ड पिवळा झालाय त्याचा.

एसेम जोशींचा फोटो छान होता मात्र. बेचाळीसच्या भूमिगत दिवसांत दाढी वाढवून मौलवी झाले होते, इमाम अली नाव घेऊन फिरायचे. मी काकांना म्हटलं, हाही जोशीच. ते म्हणाले, “असं कुठे लिहिलंय?” काय सांगू, त्यांनीच लिहिलंय म्हटलं...

तर मुख्य राहिलंच की! आनंदीबाई. गौरीच्या अगदी डोक्यावर आनंदीबाई जोशींचा फोटो लावलेला, हार घातलेला. ते योग्यच. बघा, यात एक गंमत आहे, आपण बायका लग्नानं आडनाव बदलतो, मी जोशीची कुलकर्णी झाले, पण आनंदीबाई माहेरच्याही जोशी आणि सासरच्याही. कल्याणच्या गणपतराव जोशींची यमुना, नवव्या वर्षी गोपाळराव जोशींची आनंदी. मग एकटी अमेरिकेला, १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर, आणि पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात गेली हो. बावीस वर्षंही पुरी नव्हती झाली. रक्षा तिकडे न्यूयॉर्कजवळ पकिप्सीला, तिला अमेरिकेत आसरा देणाऱ्या कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या दफनभूमीत. आणि योगायोग बघा, पुढे त्याच फिलाडेल्फियात पुण्याचे अरविंद जोशी, जन्मभर कॉम्प्युटरला व्याकरण शिकवत बसले. आमच्या मुलाच्या अभ्यासात त्यांचं काहीतरी झाडांचं व्याकरण होतं.

पण मी विचारलं, गोपाळरावांचा फोटो कुठाय? काका म्हणाले, “तो माणूस विक्षिप्त. नको आपल्या भिंतीवर.” मला राहवलं नाही बघा. म्हटलं, विक्षिप्त म्हणा, बायकोला छळलं म्हणा, सगळं खरं. पण पंचहौदाचा चहा विसरलात का? अहो वहिनी, तो किस्सा म्हणजे... १८९०, ऑक्टोबर महिना. बायको जाऊन तीन वर्षं झालेली. यांनी पुण्यातल्या बड्या बड्या लोकांना पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला बोलावलं. टिळक, रानडे, गोखले, चाळीसेक मंडळी. व्याख्यान संपलं, आणि मिशनऱ्यांच्या हातचा चहा आला पुढे, बिस्किटं आली. आता उठायचं कसं? कुणी प्यायलं, कुणी नुसता कप धरला, कुणी बिस्किट तोडून तसंच ठेवलं. झालं, सगळे घरी गेले, कुणी कुणाला बोललं नाही. आणि या गृहस्थानं काय करावं? हजर असलेल्यांची यादी ‘पुणे वैभव’ पत्रात छापून टाकली! नावानिशी! पुण्यात हलकल्लोळ. वाळीत टाका, ग्रामण्य, शंकराचार्यांकडे तक्रार, चौकशी. घराघरांत बायका नवऱ्यांना विचारतायत, खरं सांगा, प्यायलात का. रानड्यांनी पुढे मित्रांची अडचण नको म्हणून प्रायश्चित्त घेतलं, त्यांच्या पत्नी रमाबाईंना ते मुळीच रुचलं नव्हतं.

मी म्हटलं, काका, लोक मला म्हणतात कुंपणावरची बातमीदार. मी निदान छापत तरी नाही! सगळ्या हसल्या. काका नाही हसले. त्यांच्या पणजोबांचं नाव त्या यादीत होतं की काय, अशी मला शंका आहे. तसा काही पुरावा नाही हं... पण चेहरा तसा होता.

आता जे सांगतेय ते जरा हळू.

या सगळ्या गोंधळात अकरा नंबरची ती बँकेतली मुलगी भिंतीला टेकून उभी होती. नवीनच आलीये, शांत आहे, पाटीवर फक्त तिचं पहिलं नाव. काकू भरलेली ओटी घेऊन तिच्यापुढे आल्या आणि सहज म्हणाल्या, “तुझं आडनाव काय गं?” ती म्हणाली, “जोशीच.” काकूंचा चेहरा फुलला, अगं बाई, मग बोलली नाहीस ती! कुठल्या जोशी? ती म्हणाली, “कुडमुडे जोशी.”

शांतता. पंख्याचा आवाज ऐकू आला मला.

ती सांगत गेली, अगदी सरळ आवाजात. तिचे आजोबा पहाटे कुडमुडं वाजवत गावोगाव फिरायचे, दारात उभे राहून भविष्य सांगायचे, सुपातलं धान्य घ्यायचे. घर नाही, पालं. वडील शाळेत गेले ते एका मास्तरांनी हट्टानं बसवलं म्हणून. आणि मग तिनं त्या भिंतीकडे पाहिलं, सगळे ते डॉक्टर, मंत्री, गवई, शास्त्री, नट, आणि म्हणाली, “काकू, यांच्यात भविष्य सांगणारा एकही दिसत नाही.”

बाई! मला काटाच आला. खरंच की हो. इतक्या वेळ आम्ही भांडत होतो, कोकणचा की कुमाऊँचा, गदगचा की पुण्याचा, आणि आडनावाचा खरा धंदा सबंध खोलीत एकट्या तिच्या घरानं केलेला. बाकी आम्ही सगळे नुसते नावाचे. माझे वडीलसुद्धा तहसील कचेरीत कारकून, पंचांग बघायचं तर शेजारच्या भटजींकडे जायचे.

काकूंना सुचेना काय करावं. वाईट नाहीत हो त्या मनानं, फक्त त्यांना वेळ लागतो. ओटी तशीच हातात. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाल्या, “मग आमच्या धाकट्याचं... त्याचं काय होईल गं? तुला येतं का बघता?” अहो! सगळ्यांसमोर! ज्याचं नाव घरात काढायचं नाही, त्याचं! ती मुलगी गोंधळली, म्हणाली, मला नाही येत, मी लोन सेक्शनला आहे. पण मग म्हणाली, “काकू, फोन करा त्याला.” काकूंनी ओटी भरली, दोन वेळा भरली, चुकून. आणि डाळीची वाटी तिच्या हातात नुसती ठासलीच.

फोन केला का? तेच तर मला कळत नाहीये! रात्री साडेनऊला त्यांच्या बेडरूमचा दिवा लागला, ते बघितलं मी, झाडांना पाणी घालताना. रात्री साडेनऊला पाणी घालतं का कुणी, असं ह्यांनी विचारलं मला.

आणि ह्यांचं तर निराळंच. काल मी येऊन सगळं सांगितलं, तर म्हणाले, छे, असली थेरं आपल्याला नाहीत. आज सकाळी बघते तर टेबलावर कात्री, डिंक आणि पेपरची कात्रणं! कुलकर्णींची रत्नमाला चाललीये. सुरुवात थेट ज्ञानेश्वर माउलींपासून, आपेगावचे कुलकर्णी म्हणून. मी म्हटलं, अहो, काल जोशींचं काय झालं ते ऐकलंत ना? तर म्हणाले, कुलकर्ण्यांच्यात घोळ होत नाही, हिशेबाची माणसं आम्ही. आणि आता तासभर झाला, हातात दोन फोटो धरून बसलेत. एक ‘दोघी’मधली सोनाली कुलकर्णी आणि एक ‘नटरंग’मधली सोनाली कुलकर्णी, आणि चिठ्ठी एकच लिहून ठेवलीये...

बघा, हाक मारतायत. आले हो! तुम्ही कढीपत्ता घ्या, आणि हे कुणापाशी बोलू नका. नऊ नंबरच्या भाभींना मी सांगितलंय, तेवढं सोडून.